स्वस्त प्लायवूडची बास बॉडी: आवाजात पास, कडांना नापास

एका ओळीत उत्तर हवं असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. राउटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र), ड्रिल आणि बऱ्यापैकी धीर हाताशी असेल तर बास गिटारची ही बॉडी जरूर घ्या. सकाळी खोकं उघडून संध्याकाळी वाजवायचा बेत असेल तर मात्र हिच्या वाटेला जाऊ नका.

वस्तू अशी: फेंडरच्या प्रिसिजन बास या मॉडेलच्या आकाराची, ४५ मिलिमीटर जाडीची, कापून आणि खाचा पाडून मिळणारी कोरी बॉडी. नेकची (मानेची), पिकअपची (तारांचं हलणं टिपणाऱ्या भागाची) आणि पॉट (आवाज कमी-जास्त करायची खुंटी) बसवायची खाच तयार. रंग नाही, पॉलिश नाही, भोकं काही पाडलेली, काही आपण पाडायची. वर्णनात ‘लॅमिनेटेड हार्डवुड’ असं भारदस्त नाव होतं. कडेला पाहिलं की सरळसरळ प्लायवूड. विक्रेत्याचं नाव घेत नाही. अगदी असाच माल निरनिराळ्या नावांनी फिरताना दिसतो, त्यामुळे एकट्यालाच चौकात उभं करण्यात अर्थ नाही. ही बॉडी वापरून एक बास उभा केला, शिवाय बाजारी प्लायच्या पाट्या चिकटवून घरी एक बॉडी कापली आणि बर्च लाकडाच्या प्लायचीही एक करून पाहिली. त्या तुलनेतून जे हाती लागलं ते इथे आहे.

आधी आवाजाचं बोलू, कारण ‘प्लायवूड’ म्हटल्यावर नाकं मुरडली जातात ती तिथेच. गिब्सनची ईएस-१७५ ही १९४९ पासूनची जॅझ गिटार लॅमिनेटची, म्हणजे थर चिकटवलेल्या लाकडाची. १९५८ ची ईएस-३३५ सुद्धा वरून-खालून मेपलच्या थरांचीच, फक्त मध्ये भरीव ठोकळा. डॅनइलेक्ट्रोने तर लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा पुठ्ठाच, लावून गिटार आणि बास विकले. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ मध्ये घरी बनवायला घेतलेल्या ‘रेड स्पेशल’मध्ये मधला भाग ओकचा आणि बाजूला ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. आणि उभा डबल बास? विद्यार्थ्यांच्या हाती असणारे बहुतेक प्लायचेच असतात, कारण ते दमट हवेत सहसा तडकत नाहीत आणि धक्के सोसतात.

पण हे दाखले देऊन स्वस्त प्लायची वकिली करणं थोडं लबाडीचं आहे, हेही खरं. ईएस-१७५ चं लॅमिनेट साच्यात दाबून घडवलेलं, चांगल्या लाकडाचं. माझ्या हातात आलेल्या बॉडीच्या मधल्या थरांत कोणती झाडं होती हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येईल असं वाटत नाही. म्हणून ऐकून पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

माझ्याकडे आल्डर या भरीव लाकडाच्या बॉडीचा एक बास आहे. त्याचा नेक, पिकअप, ब्रिज (बॉडीवर तारा धरून ठेवणारा भाग) आणि तारा काढून या प्लायच्या बॉडीवर चढवल्या, तेच तुकडे वाजवले, रेकॉर्ड केले, मग परत उलट. पिकअप आणि तारा यांच्यातलं अंतर दोन्हीकडे मोजून सारखं ठेवलं. ही गोष्ट लोक विसरतात आणि मग पिकअप जरा वर आल्यामुळे वाढलेला जोर लाकडाच्या नावावर खपवतात. निकाल? हेडफोन लावून, एकट्या बासचा ट्रॅक ऐकताना उघड्या ‘ई’ तारेचा सूर प्लायवर किंचित लवकर विझतो असं मला वाटलं. ड्रम सुरू झाल्यावर तो फरक मला शोधूनही सापडला नाही. जुन्या तारा काढून नव्या लावल्यावर जो बदल होतो त्याच्यापुढे हा काहीच नाही.

आणखी एक गोष्ट या अदलाबदलीत कळली. लांब मानेच्या, फेंडरच्या घराण्यातल्या बासवर ‘जी’ तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) आसपास एखादा सूर मेल्यासारखा वाजतो. माझ्या नेकवर तो सहाव्याला आहे. बॉडी बदलली तरी तो सहाव्यालाच राहिला. कारण तो दोष मुख्यतः नेकचा: नेक स्वतः ज्या कंपनसंख्येला सहज हलतो, त्या सुराची ताकद तो तारेकडून ओढून घेतो. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला) एक छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की मेलेला सूर जागा बदलतो, हे करून पाहण्यासारखं आहे. विद्युत बासमध्ये पिकअप तारेचं हलणं टिपतो. बॉडीचं मत तो फारसं विचारत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं नेक वाकडा आणि पिकअप सुमार असेल तर महागडं ॲश लाकूडही काही करू शकत नाही. वाचलेले पैसे चांगल्या नेकवर घाला. आवाजाचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

वजनाचा मात्र संपत नाही. आल्डरची याच आकाराची बॉडी साधारण २ ते २.३ किलो भरते. ही २.८ किलो भरली. बर्चची मी केलेली तर ३ किलोच्या वर गेली, आणि त्यात नवल नाही. बर्च प्लायची घनता घनमीटरला साधारण ६८० किलो, आल्डरची ४५० च्या आसपास. बास पूर्ण जोडल्यावर हा जास्तीचा भार थेट डाव्या खांद्यावर येतो. रुंद पट्टा घ्या. यात एक फायदा दडलेला आहे: हलक्या बॉडीचा बास हात सोडला की हेडस्टॉककडून खाली कलतो, हा मुळीच कलत नाही. बसून वाजवणाऱ्याला वजनाची तक्रार करायचं कारणही नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. प्लायवूडचा दोष आवाजात नसून स्क्रू कुठून आत जातो त्यात आहे.

प्लायचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एकाचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. म्हणून पाटीच्या तोंडावर, म्हणजे सपाट बाजूने, मारलेला स्क्रू सगळ्या थरांना भेदत जातो आणि घट्ट बसतो. कडेने मारलेला स्क्रू दोन थरांच्या मधल्या गोंदात पाचरीसारखा घुसतो आणि थर उकलतो. बासच्या बॉडीवर या नियमाचा हिशेब मांडला तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

नेकचे चार स्क्रू: चिंता नको. ते बॉडीतून सैल जातात आणि पकडतात नेकच्या मेपलमध्ये. बॉडीवर येतो तो फक्त मागच्या पत्र्याचा दाब, आणि दाब सोसण्यात प्लायवूड पटाईत आहे. भरीव लाकडासारखी रेषांच्या दिशेने चीर जाण्याची भीतीही नाही. ब्रिजचे पाच स्क्रू: चार तारांचा मिळून ७०-८० किलोचा ताण ते सांभाळतात, पण तो ताण त्यांना बाजूने सरकवू पाहतो, उपटून काढत नाही. सपाट बाजूने बसवलेले असल्याने तेही ठीक. पिकगार्डचे (बॉडीच्या दर्शनी बाजूवरच्या पातळ झाकणाचे) बारके स्क्रू: इथून कुरकुर सुरू होते. ते वरच्या पातळ व्हिनियरमधून खालच्या मऊ थरात जातात आणि पिकगार्ड चार वेळा काढलं-घातलं की गरगर फिरू लागतात. भोकात पातळ सुपरग्लूचा थेंब सोडून तो वाळू द्यावा, मग स्क्रू पुन्हा फिरवावा. आटे कडक होतात.

आणि पट्ट्याची बटणं. ही दोन्ही बरोबर कडेवर. साडेचार किलोचा बास ज्या दोन स्क्रूंना लटकतो ते दोन्ही प्लायच्या सर्वांत दुबळ्या जागी! बॉडीसोबत आलेले स्क्रू आखूडच होते. त्यांना मी हातही लावला नाही. उपाय सुतारांचा जुना आहे. बॉडीच्या पाठीकडून, कडेपासून १५ मिलिमीटर आत, १० मिलिमीटरचं भोक पाडायचं, पुढच्या बाजूला बाहेर न काढता. त्यात कठीण लाकडाची गोल मेख गोंद लावून ठोकायची, वाळली की पाठीशी सपाट घासायची. मग कडेने लांब स्क्रू असा न्यायचा की तो या मेखेला आडवा छेदेल. स्क्रूला आता थरांच्या फटीऐवजी भरीव लाकूड सापडतं. रंगाखाली मेख दिसत नाही. हे काम अर्ध्या तासाचं आहे. कारखान्यात तर ते काहीच नाही, पण तिथे ते करत नाहीत.

मधल्या पोकळ्यांचं एक वेगळंच प्रकरण. स्वस्त प्लायमध्ये आतले थर सलग नसतात. तुकडे शेजारी शेजारी ठेवून दाबतात आणि तुकड्यांमध्ये फट राहते. बाहेरून काही कळत नाही. माझ्या बॉडीत अशी एक फट पिकअपच्या खाचेच्या भिंतीत उघडीच होती, आणि दुसरी नेमकी ब्रिजच्या एका स्क्रूखाली निघाली. स्क्रू फिरवला तर दातच लागेनात. तिथे ८ मिलिमीटरचं भोक, मेख, गोंद, पुन्हा बारीक भोक. खाचेतली फट इपॉक्सीत बारीक भुसा कालवून भरली. घेण्याआधी बॉडी हातात मिळत असेल तर बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून ऐका. पोकळीवर आवाज बदलतो. घरपोच मागवत असाल तर नशिबावर हवाला.

नेकच्या खाचेला मी सर्वांत कमी गुण देतो, आणि याचा प्लायवूडशी संबंध नाही. हा निव्वळ कापणीचा आळस आहे. नेकची टाच साधारण ६३ मिलिमीटर रुंद, खाच ६५ ची निघाली. नेक आत ठेवून हलवला तर डावी-उजवीकडे डुलत होता. खोली १६ मिलिमीटर हवी होती, भरली साडेचौदा. म्हणजे नेक दीड मिलिमीटर उंच बसणार आणि ब्रिजच्या सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) जवळजवळ टोकापर्यंत वर न्याव्या लागणार. राउटरने तळ खाली नेला, बाजूंना व्हिनियरच्या पट्ट्या चिकटवून खाच नेकच्या मापाला आणली. नेकला कल द्यायला खाचेच्या तळाशी कार्डाचा तुकडा घडी करून एका टोकाला सारण्याची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. लाकडाची, पूर्ण रुंदीची पाचर घाला किंवा तळ नीट करा.

ब्रिजची भोकं आधीच पाडलेली असतील तर त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. ३४ इंचाच्या बासवर नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत ८६४ मिलिमीटर, म्हणजे बाराव्या पडद्यापासून सॅडलपर्यंत ४३२. जाड तारेला त्याहून थोडं जास्त. नेक कच्चा बसवून पट्टी लावा. मग नटच्या दोन बाहेरच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणा आणि ते फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातात का पाहा. माझ्या बॉडीवर लांबी बरोबर होती, दोरे मात्र ‘जी’ तारेच्या बाजूला झुकले. जुनी भोकं मेखांनी बुजवून ब्रिज सरकवला. पत्र्याखाली सगळं झाकलं गेलं.

राउटर चालवताना दोन गोष्टी. प्लायमधला गोंद पात्याची धार खातो. साधं पोलादी पातं लवकर बोथट होऊन लाकूड जाळायला लागतं, म्हणून कार्बाइडचंच लावा आणि एका फेरीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नका. दुसरं, स्वस्त प्लायचा गोंद सहसा फॉर्मल्डिहाइडच्या जातीचा असतो. ती धूळ नाकात घेण्याची वस्तू नाही. चांगला मास्क, उघडी खिडकी. घरातल्यांनी कुरकुर केली तर ती रास्त समजा.

तयार बॉडीला इतकं दुरुस्त करायचं तर स्वतःच का कापू नये? हा प्रश्न मलाही पडला आणि माझं उत्तर ‘कापावीच’ असं आहे, साधनं असतील तर. १८, १८ आणि ९ मिलिमीटरच्या तीन पाट्या चिकटवल्या की बरोबर ४५ होतात. मात्र ९ ची पाटी कुठे ठेवायची यावर बरंच काही अवलंबून आहे. हात आपसूक ती पाठीला लावायला जातो. तसं केलं तर वरच्या १८ च्या पाटीतून नेकची १६ मिलिमीटरची खाच काढल्यावर तळाशी तिची फक्त २ मिलिमीटरची साल उरते, आणि ती सोलून निघायला टपलेली असते. ९ ची पाटी वर ठेवा. खाच तिला पार करून मधल्या पाटीत ७ मिलिमीटर उतरते आणि खाली त्या पाटीचे ११ मिलिमीटर भक्कम शिल्लक राहतात. ब्रिजचे स्क्रूही मग चिकटवलेल्या जोडाच्या पार जाऊन मधल्या पाटीत पकडतात.

चिकटवताना गोंद सगळीकडे पातळ पसरवायचा आणि हाती असतील तेवढे क्लॅम्प लावायचे, मध्यभागी विशेष. कडा दाबल्या गेल्या आणि पोट फुगलं तर पुढे काही इलाज नाही. वजन कमी करायची सोयही इथेच आहे. मधल्या पाटीत चिकटवण्याआधी पंखांच्या, म्हणजे बॉडीच्या दोन्ही बाजूंच्या, जागी पोकळ्या कापा, नेकपासून ब्रिजपर्यंतचा मधला पट्टा मात्र भरीव ठेवा. तयार बॉडीत हे करता येत नाही, आणि माझ्या मते घरी कापण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

बर्च प्लायबद्दल थोडंसंच, कारण ती ‘स्वस्त’ या शब्दात बसत नाही. १८ मिलिमीटरच्या पाटीत १३ थर, सगळे बर्चचे, चांगल्या प्रतीत पोकळ्या जवळपास नाहीतच. हात टेकायची उतरण घासून काढली की थर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे उघडे पडतात आणि नुसतं तेल लावून सोडलं तरी देखणे दिसतात. स्वस्त प्लायमध्ये हाच प्रयोग केला तर रेषांबरोबर लांबी (पुट्टी) भरलेले डाग, गाठी आणि एखादा विटकरी थर दिसतो. म्हणून स्वस्त बॉडीला झाकणारा रंग, बर्चला तेल. यात मी तडजोड करणार नाही.

रंगकामात वेळ जाणार हे धरून चाला. सपाट बाजूचं व्हिनियर कागदाइतकं पातळ असतं. काचपेपर यंत्राला लावून जोरात फिरवला की खालचा आडवा थर डोकावतो. तिथे २४० नंबरने, हाताने, लाकडाच्या ठोकळ्यावर कागद गुंडाळूनच घासा. कडा रंग पितात. एक आड एक थराचे उघडे रेषे वर येतात आणि ते प्राइमर शोषत राहतात, मधले मात्र शोषत नाहीत. आधी सँडिंग सीलरचे दोन-तीन हात, मग लांबी, मग घासणं, मग प्राइमर. एवढं करूनही महिन्याभराने कडेला बारीक पट्टे उमटलेच. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं तेव्हा आडवे-उभे थर सारखे हलत नाहीत, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या बॉडीच्या कडांवर पातळ इपॉक्सी चोळून जिरवली आणि प्राइमर दिल्यावर घाई न करता ती तशीच टांगून ठेवली. तिच्यावर पट्टे फार निरखून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. चकचकीत काळा रंग सर्वांत चुगलखोर. अर्धचकाकीचा फिका रंग बरंच पोटात घेतो.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. लाकडाचे रेषे दिसणारा सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेला गडद होत जाणारा रंग) ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी नको. कडेला तो भांडं फोडेल. विकण्यासाठी बास बनवणाऱ्यांनी नको, कारण घेणारा पिकगार्ड उघडून आत पाहतो आणि पुढचं ऐकतच नाही. पाठदुखी असणाऱ्यांनी उभं राहून वाजवायचं असेल तर नको. पहिल्यांदाच काही बनवणाऱ्याला मात्र मी हीच सुचवेन. महागड्या लाकडावर राउटर चालवताना हात कापतो तसा इथे कापत नाही. आणि खाच दुरुस्त करणं, दोरा लावून मध्य शोधणं, मेख ठोकणं, हे सगळं ही बॉडी करायलाच लावते.

माझी तयार बॉडी आता प्रयोगाला लावली आहे. ब्रिजच्या बाजूला जॅझ बासच्या पिकअपसाठी आणखी एक खाच पाडली, शिशाच्या पेन्सिलीने सरळ लाकडावर मापं लिहून. जागा पटली नाही तर तिथे ठोकळा चिकटवून दोन सेंटिमीटर पुढे पाडेन. आल्डरवर मी हे कधीच केलं नसतं.